तात्यांच्या हातातला 'ळ'

आता हसायचंच असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मध्येच तोडायचं नाही मला. आपल्याला माणसं वाचता येतात, असा माझा फार जुना समज होता. समोरचा नाक कसं खाजवतो, सुस्कारा कसा सोडतो, एवढ्यावरून त्याच्या मनातलं ओळखेन म्हणायचे! तो समज सांगलीत, आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत वारला.

आमच्याकडे शब्दपट खेळतात. चौकटींचा पट आणि लाकडी सोंगट्या, एकेकीवर एकेक अक्षर. काना-मात्रा फुकट, त्या मनानं लावायच्या. प्रत्येकाला सात सोंगट्या, समोरच्याला दिसणार नाहीत अशा आपापल्या लाकडी पट्टीवर उभ्या करायच्या. शब्द लावला की पिशवीतून एकच नवी उचलायची. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील त्याच्यापाशी डाव संपला, आणि दुसऱ्याच्या हातात उरतील त्यांचे गुण वजा! सगळ्यात जड सोंगटी 'ळ'ची. अख्ख्या संचात एकच. आणि 'ळ'नं काही शब्द सुरू होत नाही, त्यामुळे बाईसाहेबांना टेकायला आधी दुसरं अक्षर लागतं. शेवटी हातात राहिली की मेलात.

खेळ मला भयंकर आवडतो. अडचण एकच. ज्येष्ठ मंडळी! एक सोंगटी ठेवायला यांना इतका वेळ लागतो, की तेवढ्यात माणसाचं एमए होईल. मध्येच उठतील, फोन घेतील, गॅलरीत जाऊन कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी करतील. म्हणून मी समितीशी भांडून नियम करून घेतला: डाव चालू असताना जो जागेवरून उठेल, तो हरला. तेवढ्यावर थांबले तर मी कसली? साठीच्या पुढच्यांचा गटच वेगळा काढा, म्हटलं.

आमच्या अध्यक्ष कमलताई चष्मा पुसत म्हणाल्या, "यंदाची स्पर्धा जिंकून दाखव. गट वेगळा काढते आणि पुण्याच्या स्पर्धेलाही तुलाच पाठवते. पण हरलीस, तर वर्षभर दर रविवारी ज्येष्ठांबरोबर बसून खेळायचं. कबूल?"

"कबूल!" विचार करायला मला कधी वेळ लागलाय?

अंतिम डावात समोर तात्या. शिराळ्याकडचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, पांढऱ्याशुभ्र मिशा. लेकीकडे राहायला आलेले आणि खेळ नुकताच शिकलेले. मग इथवर कसे पोचले? त्यांचा एक प्रतिस्पर्धी लग्नाला गेला आणि दुसऱ्याच्या उसाला ऐनवेळी तोड आली! म्हटलं, झालं. पुण्याचं तिकीट काढायला हरकत नाही.

तात्या पटाकडे बघत बसले. नुसते बघत. सरहद्दीवर पहाऱ्याला बसल्यासारखे.

"तात्या, लावा की."

"लावतो की. गाडी चुकतीया का तुजी?"

टेबलाखाली माझा पाय शिवणयंत्रासारखा चालू. म्हटलं, यांच्या डोक्याला जरा तरतरी येऊ दे. चहा मागवला. तात्यांनी घेतला. हालचाल शून्य! दुसरा मागवला. मग तिसरा.

"आगं, आत्ताच झाला की."

"घ्या हो, माझ्यातर्फे."

"तू म्हणतीस तर आण. चहाला न्हाई म्हणू न्हाई."

आणि काय सांगू, चमत्कार! थोड्या वेळानं तात्या एकदम पेटले. दोन-दोन सोंगट्यांचे शब्द फटाफट लावायला लागले. पण कपाळाला घाम. गुडघे एकमेकांवर आपटतायत. नजर सारखी दाराकडे. तोंडानं "आई गं…" आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टीच्या टोकाला एक सोंगटी वेगळीच उभी, तिला ते बोटही लावत नव्हते.

मी मनातल्या मनात टाळी दिली. 'ळ'! म्हातारा 'ळ' घेऊन अडकलाय आणि आता पळून जायच्या विचारात आहे!

त्या क्षणी माझ्या हातात काय होतं माहितीये? 'घरजावई'. पुराच्या पुरा! लावला असता तर डाव माझ्या खिशात होता. पण मला डावपेच लढवायचे होते ना? ठरवलं, 'ळ'ला टेकायला पटावर जागाच ठेवायची नाही. 'साफ'मधल्या 'फ'खाली 'फळ' होईल? घाला 'ण', करा 'फणा'!

"आमच्या शिराळ्याचा नाग काढलास व्हय?" तात्या घाम पुसत म्हणाले. "काढ. पर लवकर काढ."

'ज'पाशी 'जाळ' होईल? तिथं 'जप'. 'म'पाशी 'माळ'? तिथं 'मन'. एकेक सोंगटी, दोन-तीन गुण. घरजावई ताटकळत उभा! तात्यांच्या पट्टीवर सोंगट्या कमी होत चालल्या होत्या, माझ्या जशाच्या तशा. पण नाकेबंदी काय झाली होती, वा!

मग मी पिशवीत हात घातला. शेवटची सोंगटी निघाली.

'ळ'.

अहो, अख्ख्या संचात एकच असते! मग तात्यांच्या टोकाला कोण उभं होतं? आणि पटावर 'ळ'ची सगळी दारं मीच बंद केलेली, घरजावयालाही घुसायला फट नाही. फक्त एक जागा उरली होती. तात्यांच्या 'नाच'मधल्या 'च'खाली. 'चाळ'! गणपती पावला. तात्यांची एवढी एक खेळी जाऊ दे.

तात्यांकडे ती एकुलती सोंगटी उरलेली. त्यांनी ती कमलताईंना दाखवली. "बाई, ही कोरीच आलीया. छापायची ऱ्हायली वाटतं. म्हणून मगापासनं कडंला ठिवलीया. हिचं काय करू?"

"तात्या, कोरी म्हणजे तुम्हाला हवं ते अक्षर."

"व्हय? मग 'ल' म्हना." तात्यांनी ती थाडकन 'च'खाली आपटली. "चला!"

आणि तात्या खरंच चालले! खुर्ची उलटी पडली.

"तात्या, अहो निकाल!"

"तुमी लावा निकाल! मला आदी जाऊ द्या!"

निकाल लावला. 'घरजावई', 'ळ', सगळं माझ्या गुणांतून वजा. मी हरले. तात्या परत आले तेव्हा चेहऱ्यावर साधूसारखी शांती. खुर्ची सरळ करून बसत म्हणाले, "तीन चहा गं पोरी! त्यात उटलं की हरलो म्हनं. कुनी केला असला नियम?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

आता दर रविवारी मी ज्येष्ठांत बसते. तो नियम काढून टाका म्हणून अर्जही केला. सगळ्या आजी-आजोबांनी हात वर करून फेटाळला. आणि चहा? एकीनं आलं घातलेला आणलेला असतो, दुसरीनं गवती चहाचा, आणि तात्या तर थर्मासच घेऊन येतात. न्हाई म्हणू न्हाई!

परवा डाव ऐन रंगात होता. कपाळाला घाम, गुडघे एकमेकांवर आपटतायत, नजर दाराकडे. तात्यांनी मिशीवर हात फिरवला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि शेजारच्या आजींना हळूच म्हणाले,

"सांबाळून खेळा. पोरीकडं 'ळ' हाय."