वाळवी आणि फोनची वायर
घासलेटचा वास आला की जळगावच्या शाळेतलं माझं वाचनालय आठवतं. नव्वदचं दशक सरत होतं. घासलेट चोळूनही वाळवी पुस्तकं खातच होती, म्हणून ऑफिसातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवरून मी ग्रंथपालांच्या ई-मेल गटावर उपाय विचारला. धुळ्याच्या एका ग्रंथपालबाईंचं उत्तर आलं, ते पडद्यावर हळूहळू उघडत होतं. त्यांच्या शाळेचं नाव वाचते न वाचते तोच मुख्याध्यापकांनी इंटरनेटला जोडलेली फोनची वायर उपटली. "बाई, शाळेची अब्रू वेशीवर टांगता?" "सर, पुस्तकं संपताहेत." "संपू द्या. पुन्हा इथं बसलात तर मेमो देईन." दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एस.टी.नं धुळ्याला त्या बाईंकडे गेले आणि उपाय शिकून आले. उरलेली पुस्तकं वाळवीपासून वाचली. निवृत्त झालेले ते सर हल्ली बाजारात दिसले की हात जोडतात. मी पिशवीतला हात बाहेर काढत नाही.