वेळेचा हिशोब मी केला होता

मंडळी, आज सकाळी नवीन लॅपटॉप सुरू केला. घड्याळ चार तास मागे, टाइम झोनच्या जागी लंडन. मॉरिशस निवडायला गेले आणि हात थांबला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझी ताई इंग्लंडमध्ये नर्स होती. इथे मॉरिशसमध्ये, लालमती गावात, आमच्या वस्तीला फोन एकच, कोपऱ्यावरच्या दुकानात. ताईचं पत्र आलं, "रविवारी इथल्या दुपारी दोन वाजता फोन करते. आईला घेऊन ये."

वेळेचा हिशोब मी केला. चार तास मिळवायचे, ते मी वजा केले. सकाळी दहापासून आम्ही दुकानात बसून राहिलो. फोन आलाच नाही. संध्याकाळी सगळे देवळात गेलो.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आईला म्हणाला, "वहिनी, काल सहाला फोन आला. पोरगी रडत होती. धावत आलो, तर तुमच्या दाराला कुलूप."

ताईचं ऑपरेशन होतं, हे आम्हाला तार आल्यावर कळलं. त्यातून ती उठली नाही.

आई शेवटपर्यंत विचारायची, "तिनं फोन इतक्या उशिरा का केला गं?" हिशोब माझाच चुकला होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आज लॅपटॉपची वेळ लेकीनं लावून दिली. "काय झालं, मम्मी?" तिनं विचारलं. तिलाही सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

तुम्ही आईला खरं सांगितलं असतं का?