सातवा ठसका

आमच्या गल्लीची दृष्ट काढायचा मक्ता सिंधुबाईकडे आहे. दर शनिवारी दुपारी चारला ती निखाऱ्यांचं घमेलं गल्लीच्या मधोमध ठेवते, त्यात मूठभर लाल मिरच्या टाकते आणि कान टवकारून बसते. नंदुरबारची मिरची ती! घरात जिवंत माणूस असेल तर खोकणारच. एकेका दारामागून ठसका आला की बाई मान हलवते.

हे खूळ भिकुबाईपासूनचं. सिंधुबाईच्या भिंतीला भिंत लागून ती एकटी राहायची. तीन दिवस घरात मरून पडली होती आणि आम्हा कुणाला पत्ता नाही. सगळेच दारं लावून टीव्ही बघणारे. "भितडापल्याडनी माय गई, नि माले कळनं नही," म्हणत सिंधुबाई आठवडाभर धड जेवली नाही. मग मिरच्या सुरू झाल्या.

पहिल्या शनिवारी सगळे भांडायला बाहेर आले. सगळ्यांत पुढे मी. भांडता भांडता कुणाची सून कुठली, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं कळलं. आता शनिवारी समोरच्या घरातली एस्तेर सगळ्यांना चहासुद्धा करते.

सिंधुबाईचं सोडून गल्लीत आठ घरं. भिकुबाईच्या घराला कुलूप. म्हणजे घरटी एक धरून ठसके सात.

मागच्या महिन्यात मी मोजून म्हणालो, "सात झाले, बाई. टाका पाणी."

तिचा चिमटा हवेतच राहिला. "सात नही रे नवल, सहाच."

"अहो, सातवा ऐकला मी! बारीक, दोनदा."

"तेच सांगस ना मी. हाऊ खोकला भिकुमायना शे."

"मग एक कप चहा वाढवा," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. एस्तेरच्या हातातली किटली थांबली होती. तिनेही ऐकला होता, कुलपामागून. आणि धूर तर त्या दिवशी त्या घराच्या उलट्या बाजूला चालला होता.

"मंग कोन खोकनं नही?" सिंधुबाई उठली.

गोकुळआप्पांचं दार तेवढं बंद होतं. बायको लेकीकडे गेलेली, आप्पा एकटेच. हाका मारल्या, कडी वाजवली. शेवटी एस्तेरच्या नवऱ्यानं, योहाननं, खांद्यानं दार पाडलं. आप्पा न्हाणीजवळ पडलेले. डोळे उघडे, तोंड वाकडं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून वाचले.

काल आप्पा असे खोकले की आम्ही टाळ्या वाजवल्या. साती ठसके चोख. मी पाण्याचा तांब्या उचलला, तर सिंधुबाईनं मनगट धरलं.

"थांब रे, घडीभर."

तिनं आणखी एक मिरची टाकली आणि त्या कुलपाकडे तोंड करून बसली. चहा निवला. कुणी उठलं नाही. माझ्या घशात खवखवत होतं, पण मी तोंडावर रुमाल दाबून धरला. न जाणो, बाईला माझा ठसका भिकुबाईचा वाटायचा.