ठणकणारा अंगठा

खराट्याची काडी अंगठ्यात घुसली आणि अंगठा टम्म फुगला. बायकोने कणकेचं पोटीस बांधलं. सकाळी तो फुटून पू वाहू लागला.

“शी, काय घाण!” मी म्हणालो.

शेजारच्या डॉक्टरीणबाई कापसाने पुसत हसल्या. “घाण कसली? दुखऱ्या जागी रसायनं पाझरतात, त्यांच्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात. जंतूंशी लढून इथेच मरतात बिचाऱ्या.”

बाबा गेले तेव्हा आम्ही शेजारी कुणालाच कळवलं नव्हतं. आमच्याकडून फोडणीचा वास आला नाही, एवढ्यावरून चार घरची पिठलं-भाकरी आली होती.

कापूस केराच्या डब्यापर्यंत नेला, पण टाकवेना. न बोलावता आलेलं आणि परत न गेलेलं माझंच कुणीतरी त्यात होतं.