पवनानगरची रेंज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज मात्र सांगूनच उठणार आहे — मध्येच विषय बदलायला लागलो तर ओळखा, की घाबरलो.

लोणावळ्यातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. पवना धरणाकाठी कंपनीचे पर्यटकांसाठीचे तंबू आहेत. तिथल्या माणसांशी मिटिंगा ऑनलाइन होतात. कुणी नोकरीला लागलं की त्याचं खातं उघडायचं, सोडून गेलं की बंद करायचं. खातं बंद असलं की मिटिंगमध्ये शिरता येत नाही. एका क्लिकचं काम — त्यात चुकायचं काय?

पण मावळात गायकवाड पैशाला पासरी. आमच्याकडे तर मनीषा गायकवाडच दोन होत्या. एक लोणावळ्याची, नोकरी सोडून गेलेली. दुसरी पवनानगरची मनीषाताई, तंबूंचं बुकिंग सांभाळणारी. मी घाईत नाव वाचलं, गाव वाचलं नाही — आणि कामावर असलेलीचंच खातं बंद केलं.

ही झाली चूक. ती कुणाच्याही हातून होईल. पुढचं मात्र मी समजून-उमजून केलं.

दुसऱ्याच दिवशी तिची ऑनलाइन मुलाखत होती, लोणावळ्याच्या मॅनेजरच्या जागेसाठी. तिची मुलगी कॉलेजसाठी लोणावळ्यात मावशीकडे राहायची. ही जागा मिळाली असती तर मायलेकी एका घरात आल्या असत्या. ऐन वेळेला ताईचा फोन आला, "दादा, मला आत घेतच न्हाई. काय करू?" मी स्क्रीन उघडली. तिचं खातं बंद दिसलं, आणि काय झालंय ते लगेच कळलं. पुन्हा एक क्लिक केला असता तर ती आत गेली असती. पण उशीर का झाला, हे साहेबांनी विचारलं असतं, आणि मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. एवढंच कारण होतं का? हो — एवढंच.

मी म्हणालो, "ताई, तुमच्याकडे नेटला रेंज नसेल."

पवनानगरात हे कुणालाही पटतं. ती फोन कानाला लावून धरणाच्या रस्त्यानं धावत सुटली. तिला लागलेली धाप मला ऐकू येत होती, आणि मी तिला "अजून थोडं पुढे जा" म्हणत होतो.

मुलाखतीची वेळ टळल्यावर मी खातं गुपचूप चालू केलं. साहेबांनाही रेंजचंच सांगितलं. जागा दुसऱ्याला गेली. संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. "माजंच चुकलं दादा. तुमाला उगा तरास दिला." मी "असू दे" म्हणालो. मी तिला माफ केलं — याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

उद्या पवनानगरला जाऊन तिला हे तोंडावर सांगणार आहे, मग साहेबांना. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

मनीषाताई अजून तिथंच आहे. साहेबांची मिटिंग असली की भरलेल्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ती कामशेतला येते आणि स्टँडवरच्या बाकावर फोन घेऊन बसते. पवनानगरला रेंज नसते, असं मी तिला सांगितलं होतं.