शाहीनने बदललेला विषय

धारवाडला आमच्या वरच्या खोलीत शाहीन नदाफ भाड्याने राहते. जवळच्या अळणावर गावची ही मुलगी विद्यापीठात एम.ए. करते. इस्लामी कायद्याने बायकोचाही शरीरसुखाचा हक्क मानला आहे, यावर तिला प्रबंध लिहायचा होता.

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “त्यापेक्षा तलाकवर लिही, लोक वाचतील.”

घरी अब्बा ओरडले, “पोरीनं असलं बोलायचं असतं?”

वर्षभर ती दोघांना समजावत राहिली. काल तिने विषयच बदलला: अळणावरचा लाकूड व्यापार. सरांनी लगेच सही केली. अब्बा स्वतः पेढे घेऊन आले.

मी चिडून विचारलं, “अगं, लाकडातलं तुला काय कळतं?”

“काहीच नाही, अज्जी. पण त्यावर कुणी भांडत तरी नाही.”

पेढ्यांच्या पुड्याला मी अजून हात लावलेला नाही.