बंगालच्या वादळात गेलेल्या कुरडया

आमच्या एका वर्षाच्या कुरडया बंगालच्या उपसागरातल्या वादळाने नेल्या. आम्ही राहत होतो नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात, आणि आमच्या आळीत समुद्र कुणी पाहिलेला नव्हता.

रेशनचे दिवस होते. आई आणि माझी बायको सिंधू यांनी घासातला घास काढून गहू साठवला, भिजवला, वाटला, चीक शिजवून माळवदावर कुरडया घातल्या. त्या जायच्या होत्या माझ्या धाकट्या भावाला, सदाला. तो कलकत्त्याला तागाच्या गिरणीत कारकून होता आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी कुरडया मागायचा. वाळवणाची राखण माझ्याकडे होती. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा. (सुटी लागलेल्या मास्तराला घरात याहून वरची जागा मिळत नाही.)

घोळ घातला तो मी हौसेने आणलेल्या बॅटरीवरच्या रेडिओने. बातम्यांत देशभरच्या उन्हाळ्याची हकीकत यायची आणि मी ती घरात अमलात आणायचो. दिल्लीला धुळीचं वादळ झालं, तसं मी ओल्या कुरडयांवर धोतरं पसरली. काढताना निम्म्या कुरडया धोतरांबरोबर वर आल्या.

"आरं, दिल्लीची धूळ हितं कशी येईल?" आई म्हणाली.

"देश एकच आहे, आई."

"मंग दिल्लीच्या बायास्नी बोलीव चीक हाटायला."

दुसऱ्या दिवशी उत्तरेत उन्हाने माणसं दगावल्याचं ऐकलं. मी घरात प्रत्येकाला जवळ बाळगायला एकेक कांदा दिला, शेजारच्या हलीमाबींनाही दिला. संध्याकाळी सिंधूने सगळे कांदे गोळा करून पिठल्यात घातले.

तिसऱ्या दिवशी बातमी आली, की बंगालच्या उपसागरात वादळ उठलं असून ते किनाऱ्याकडे सरकत आहे. रेडिओला 'बोलका डबा' म्हणून हिणवणारी आई त्याच्याजवळ सरकली.

"कलकत्ता किनाऱ्याला हाय का रं?"

नकाशा मला तोंडपाठ होता, तरी मी उगाच रेडिओची कळ फिरवत बसलो. ती जेवली नाही. मलाही फार भीती वाटली. देश एकच आहे, हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल, पण ते पोटात जाणवलं त्या दिवशी.

चौथ्या दिवशी बातम्यांच्या वेळेला आई डब्यापुढे हात जोडून बसली. मी काठी टाकून खाली आलो. सिंधू आली, हलीमाबी आल्या, सदा जिच्या अंगाखांद्यावर खेळला ती सगळी आळी आली. बॅटरी उतरलेली, आवाज अगदी बारीक. तेवढ्यात गडगडलं.

"मास्तर, आभाळ लई भरून आलंय," हलीमाबी म्हणाल्या.

"ती रेडिओची खरखर आहे. गप्प बसा सगळे."

वादळ समुद्रातच विरलं होतं. आईने डब्याला पदर लावून नमस्कार केला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि त्या शांततेत माळवदाच्या पन्हाळीतून पाणी पडू लागलं. पाण्याबरोबर एकेक कुरडई अंगणात उतरत होती.

मी काठी शोधू लागलो. आईने पन्हाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "माझं पोरगं वाचलं. गव्हाचं काय, पुन्हा पिकंल."

पुढे सदाचं कार्ड आलं: 'इकडे साधा वारासुद्धा सुटला नाही. नगरकडे मात्र वळवाने झोडपलं म्हणे. कुरडयांवर दादा होता ना? मग काळजी नाही.'

मी उलट टपाली कळवलं, की तुमच्याकडच्या वादळाने आमचं बरंच नुकसान झालं आहे.